जोड

नाशिकच्या आसपास विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी खडी फोडताना काळ्या खडकाच्या पोटात कधीकधी पोकळी लागते. सुरुंगाचा धूर विरल्यावर मजूर आत हात घालतात, तर तिथे पांढरं, हिरवट, गुलाबीसर काहीतरी लखलखत असतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे राहिले, मागाहून त्यांत पाणी झिरपलं आणि त्या पाण्याने हे स्फटिक वाढवले. चौकोनी मनोऱ्यासारखा उभा असतो तो अपोफिलाइट. मधोमध आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा दिसतो तो स्टिल्बाइट. अण्णा हा माल मजुरांकडून आणि विहीरवाल्यांकडून विकत घेत, कापसात आणि जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत, आणि परदेशी संग्राहकांना नमुने पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना विकत. घर त्यावरच चालायचं.

हे दगड नाजूक. गाडीच्या एका धक्क्याने पेंढी मुळातून निखळते. अण्णा रात्री दिव्याखाली बसून ती पुन्हा बसवत. टाचणीच्या टोकावर येईल एवढाच गोंद, श्वास रोखून धरलेला, आणि बसवल्यावर निखळली कुठून होती ते त्यांच्या मुलालाही शोधून सापडत नसे. एवढं झालं की ते खोक्यात एक चिठ्ठी टाकत. तिच्यावर दोनच शब्द असत: ‘जोड आहे.’

त्या दोन शब्दांनी दगडाची किंमत निम्म्यावर यायची. मुलगा तेव्हा शाळेत होता. वडिलांनी रात्रभर राबायचं आणि सकाळी स्वतःच्याच हाताने ते श्रम पाण्यात घालायचे, हे त्याला बघवत नसे. एकदा तो म्हणाला, “अण्णा, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी विचारलं होतं का?”

“नाही विचारलं,” अण्णा म्हणाले. “दगडाला तोंड नाही रे. म्हणून लिहायचं.”

मुलाला ते पटलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तो पैलू पाडायचं काम शिकायला जयपूरला गेला, तेव्हा तिथे चिठ्ठ्या लिहाव्या लागणार नाहीत याचं त्याला मनातून बरंच वाटलं होतं.

जयपूरच्या जुन्या शहरात रामगंजकडच्या गल्ल्यांमधून फिरलं की घराघरातून एकच घरघर ऐकू येते. ती सानेची, म्हणजे खडे घासायच्या चकतीची. तिथे पैलू पाडणाऱ्या कारागिराला बेगडी म्हणतात. आपल्या मराठीत बेगडी म्हणजे दिखाऊ, खोटं. तिकडे तोच शब्द खरा खडा घडवणाऱ्या माणसाची ओळख म्हणून आदराने घेतात. मुलगा ज्यांच्या हाताखाली शिकत होता त्या उस्तादांना कुणी बेगडी म्हटलं की पहिले काही दिवस त्याच्या कानाला खटकायचं. पुढे सवय झाली. उस्ताद त्याला नावाने हाक मारत नसत. ‘नाशिकवाले’ म्हणत.

पहिलं वर्ष लाख वितळवण्यात, काड्यांवर खडे बसवण्यात आणि सानेवरचा चिखल पुसण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी उस्तादांनी त्याच्या हातात तुरमलीची खरड दिली. खरड म्हणजे खाणीतून आलेला अनघड दगड. मराठी पुस्तकांत या रत्नाला तोरमल्ली म्हणतात. शब्द सिंहलीतून आलेला, कारण युरोपला हा दगड या नावाने कळला तो डचांनी श्रीलंकेहून नेला तेव्हा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला.

“डोळ्यांनी नंतर बघ. आधी नखाने बघ,” उस्ताद म्हणाले.

मुलाने नख फिरवलं. स्फटिकाच्या अंगावर उभ्या रेघा होत्या, उसाच्या सालीवर बारीक चरे ओढावेत तशा. आडवा छेद त्रिकोणी, पण तिन्ही बाजू बाहेरून फुगीर. तुरमली अंधारात हाती लागली तरी ओळखता येते ती या दोन खुणांनी. मग उस्तादांनी ती त्याच्या डोळ्यांसमोर धरली. आडवी धरली तेव्हा पानांतून ऊन यावं तसा हिरवा उजेड आला. तीच उभी करून टोकाकडून पाहायला लावली, तर जवळजवळ काळी. एकच दगड, पण ज्या दिशेने प्रकाश शिरतो त्याप्रमाणे तो वेगळा दिसतो. म्हणून हिरव्या तुरमलीचा सपाट माथा तिच्या लांबीच्या बाजूने ठेवायचा, आणि म्हणून दुकानातल्या हिरव्या तुरमली बहुतेक लांबट चौकोनी असतात. गोल घाट दिला की तो अंधार आत कोंडला जातो.

दोन रंगांच्या तुरमलीबद्दल बोलताना उस्तादांचा आवाज उतरायचा, घरातल्या झोपलेल्या पोराबद्दल बोलावं तसा. ग्रॅनाइटचा वितळलेला रस खोल जमिनीत थंड होत येतो, तेव्हा शेवटी उरलेल्या रसात पाणी, बोरॉन, लिथियम असं इतर खनिजांनी न घेतलेलं सगळं गोळा होतं. त्या शेवटच्या रसातून, खडकातल्या पोकळीत तुरमली वाढते. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे थरावर थर चढत जातो. रसात लोह असेल तोवर थर हिरवे येतात. लोह सरलं आणि मँगनीज उरलं की त्याच स्फटिकाला गुलाबी थर चढू लागतात. कधी रंग लांबीत बदलतो, कधी आतून बाहेर. आतून बाहेर, आणि उलट क्रमाने, बदलला तर कापल्यावर कलिंगडाची फोड दिसते, लाल गर आणि हिरवी साल. उस्तादांना लोह-मँगनीजची नावं पुस्तकातून माहीत नव्हती. ते म्हणत, “जमीन जे जेवली ते याच्या अंगावर लिहिलेलं आहे.” मला हे वाक्य रसायनशास्त्राच्या परिच्छेदापेक्षा कमी अचूक वाटत नाही.

आणि दोन रंग मिळतात ती रेषा. अशा दगडाचं सगळं मोल त्या रेषेत. ती नेमकी मध्यावर यावी, वाकडी नसावी, एका रंगातून दुसरा उमटलेला डोळ्याला कळावा. त्याला पायऱ्यापायऱ्यांचा घाट द्यायचा. छोटे छोटे पैलू पाडले तर आत प्रकाश उड्या मारतो आणि दोन्ही रंग एकमेकांत कालवले जातात. पण दगड कच्चाही त्याच रेषेवर असतो. दोन्ही बाजूंची घडण किंचित वेगळी, त्यामुळे तिथे जन्मापासूनचा ताण साठलेला. शिवाय आत बारीक नळ्यांत द्रव अडकलेला असतो. उष्णता लागली की तो फुगतो. म्हणून उस्ताद दोन रंगांची खरड गरम लाखेवर कधी बसवत नसत. दोन नळ्यांतला पारदर्शक गोंद थंडच कालवून ते ती काडीवर लावत, आणि सान अगदी हळू फिरवत, वर पाण्याची धार धरून.

“कडकपणा भरपूर आहे याच्यात,” ते म्हणत. “काचेवर ओढलास तर काच चिरेल. पण कडक असणं वेगळं आणि सहन करणं वेगळं.”

एका पावसाळ्यात, हाताला काम कमी होतं तेव्हा, त्यांनी पोरांना एक गंमत दाखवली. एकरंगी तुरमलीचा नखाएवढा निरुपयोगी तुकडा चिमट्यात धरून लाखेच्या दिव्यावर शेकला आणि उदबत्तीच्या राखेजवळ नेला. राखेचे कण उडून त्याच्या दोन टोकांना चिकटले. पोरं ओरडलीच. तुरमली तापली किंवा निवली की तिच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण विद्युतभार येतो. तिची दोन टोकं मुळातच सारखी नसतात, त्याचा हा परिणाम. डच लोक तिला राख ओढणारा दगड म्हणत. ही गंमत नाशिकच्या मुलाच्या मनात रुतून बसली.

त्या हिवाळ्यात, उस्तादांना काम देणारे व्यापारी सेठजी, त्यांच्या गादीवरून एक पुडी आली. माल अफगाणिस्तानातल्या कुनारचा, काबूल आणि दिल्लीमार्गे आलेला. पुडीत बारीकसारीक पुष्कळ होतं, पण उस्तादांनी सगळं बाजूला सारून एकच स्फटिक उचलला. लांबी नऊ सेंटिमीटर, जाडी अंगठ्याएवढी. मुळाशी पांढऱ्या फेल्डस्पारचा चिमूटभर तुकडा चिकटलेला. खालचा अर्धा गर्द हिरवा, वरचा अर्धा डाळिंबाच्या दाण्याइतका गुलाबी, आणि मध्ये रेषा अशी, जणू कुणी ओळंबा लावून आखली असावी. वरचं टोक जन्मतः आलेलं तसंच, एक कपचाही न उडालेलं. खाणीतून बाहेर येईपर्यंत अशी टोकं क्वचितच टिकतात.

सेठजींना विचारायचं होतं की यातून काय निघेल. उस्तादांनी दोन दिवस तो जवळ ठेवला, उजेडात फिरवला, पुन्हा ठेवला. खरडीला पैलू पाडल्यावर पाव हिस्सा हाती उरला तरी नशीब समजायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“सेठजी, याला सान लावायची नाही,” ते शेवटी म्हणाले. “आहे तसा विका. घासणारे खूप आहेत. हा एवढा वाढायला किती काळ गेला असेल, आणि मी चार दिवसांत तो चिखल करून नालीत सोडणार. माझा हात नाही व्हायचा.”

सेठजींनी मानलं. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनचा एक व्यापारी महिनाअखेरीस येणार होता. पिढ्यान्पिढ्या रत्नं घासणारं ते गाव. संग्राहकांसाठी अखंड स्फटिकही तो घेत असे. तोवर स्फटिकाच्या रेघांत बसलेली माती काढायची होती, मऊ ब्रशने, साध्या कोमट पाण्याने. उस्तादांनी ते काम नाशिकवाल्याला दिलं. नाजूक नमुने पुसायचे त्याने घरी पाहिलेलं होतं. मग ते ख्वाजांच्या उरुसाला अजमेरला निघून गेले.

दोन दिवसांत माती निघाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या कारखान्यातली दोन पोरं स्फटिक बघायला आली. ती बघत राहिली आणि मुलाला स्वतःचा फार अभिमान वाटला, जणू तो स्फटिक त्यानेच वाढवला होता. राखेच्या त्या गमतीची त्याला आठवण झाली. एवढ्याशा तुकड्याने एवढी राख ओढली, तर हा केवढी ओढेल?

दोन रंगांच्या खरडीला आग दाखवायची नसते हे त्याला माहीत होतं. पुढे आयुष्यभर त्याने स्वतःला ही सूट कधी दिली नाही की मला ठाऊक नव्हतं.

दिव्याच्या ज्योतीपासून तो स्फटिक वीतभर लांबच धरला होता त्याने. राखेजवळ नेला. राख हलली. पोरं हसली. त्याच क्षणी बारीकसा आवाज झाला, वाळलेली शेंग तडकावी तसा, आणि गुलाबी अर्धा त्याच्या तळहातावर आडवा झाला.

पोरं न बोलता निघून गेली. तो किती वेळ तसाच बसला कुणास ठाऊक. मग त्याने दिवा जवळ ओढून दोन्ही तोंडं पाहिली. तुकडा उडाला नव्हता. दगड नेमका रेषेवर, आडवा, जवळजवळ सपाट तुटला होता. एकावर एक ठेवले तर दोन्ही अर्धे एकमेकांना ओळखत होते.

गोंदाच्या नळ्या समोरच होत्या. आणि हात अण्णांचे होते.

त्याने टाचणीच्या टोकाएवढा गोंद घेतला, श्वास रोखला आणि रेघेला रेघ जुळवली. बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्याने टिपला. रात्रभर वाळूत उभा करून ठेवला. सकाळी भिंगातून पाहिलं. नख फिरवलं. काही नाही. जिथे रंग बदलत होता तिथेच जोड होती, आणि रंगच तिला झाकत होता. पाहणाऱ्याचा डोळा तिथे आला की रेषेच्या देखणेपणात अडकणार. सेठजींच्या गादीवर अतिनील प्रकाशाचा दिवा होता. बरेच गोंद त्या उजेडात चमकतात आणि लबाडी उघडी पडते. निरोपाच्या निमित्ताने जाऊन त्याने तेही करून पाहिलं. त्याचा गोंद चमकला नाही. शेजारची पोरंही बोलणार नव्हती. कारागिराचं पोर कारागिराच्या पोरावर उलटत नाही.

आता कुणालाही कळण्याचा रस्ता उरला नव्हता. त्या रात्री त्याला शांत झोप लागली, असं त्याने पुढे सांगितलं, आणि या सगळ्या हकिगतीत त्याला सर्वांत जास्त लाज त्या झोपेची वाटते.

उस्ताद अजमेरहून आले. गुलाबाची पाकळी आणि साखरेचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. मग स्फटिक मागितला. खिडकीत जाऊन उजेडात धरला, नख खालून वर फिरवलं. नख हिरव्या भागात एका ठिकाणी क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. रेषेवरून सरळ गेलं. “छान पुसलास,” ते म्हणाले. पुढचे तीन दिवस गल्लीतली जाणती माणसं तो पाहायला येत राहिली. उस्ताद प्रत्येकाला स्वतः उठून दाखवत.

गादीवर बैठक होती उत्तरेच्या खिडकीशी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही आणि रंगाशी खोटं बोलत नाही. पांढरी चादर, तिच्यावर तो स्फटिक. जर्मन व्यापारी आणि त्याचा दलाल एका बाजूला, सेठजी, उस्ताद आणि मुलगा दुसऱ्या. दलालाने हातरुमाल काढला. रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव करायची ही रीत जुनी आहे. तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात आपल्याकडच्या हिरेबाजारात ती पाहून लिहून ठेवली आहे. एकाच खोलीत पाच जण बसलेले, आणि भाव फक्त दोन हातांना ठाऊक. मूठ खरोखरच झाकलेली.

हात रुमालाखाली जाण्याआधी व्यापाऱ्याने दुभाष्या दलालामार्फत उस्तादांना विचारलं, की माल अखंड आहे ना. सेठजींना नाही विचारलं. चाळीस वर्षं या गल्लीत एखाद्या खड्याबद्दल शंका आली की उस्तादांना विचारत.

“बेजोड आहे,” उस्ताद म्हणाले.

उर्दूतलं ते साधं कौतुक, याच्यासारखा दुसरा नाही. मराठीतही आपण म्हणतोच, याला जोड नाही. मुलाच्या कानात मात्र शब्द फुटला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

उस्ताद पुढे बोलतच होते. “माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, साहेब. दुसराही पहिल्यासारखा नाही. पण हा पोरगा आहे ना, याचे डोळे मी वापरतो. तीन आठवडे याच्याच हातात होता. क्यों, नाशिकवाले?”

तोवर त्याचा अंदाज असा होता, की कुणी विचारणार नाही आणि आपल्याला खोटं बोलावं लागणार नाही. नुसतं गप्प बसायचं. पण आता त्याच्या गप्प बसण्याला उस्तादांचं तोंड मिळालं होतं. दगड उद्या जर्मनीला जाईल, कुणी दहा वर्षांनी गरम पाण्यात बुडवील, गोंद सुटेल, आणि एक परका माणूस हातात दोन तुकडे घेऊन जयपूरच्या एका म्हाताऱ्याचं नाव काढील. त्या म्हाताऱ्याला तेव्हा उत्तर द्यायला तोंड असेल की नाही?

“जोड आहे,” मुलगा म्हणाला.

कुणाला कळलं नाही. तो मराठीत बोलला होता. त्याने पुन्हा सांगितलं, हिंदीत, सगळं: दिवा, राख, आवाज, गोंद. सांगताना त्याने बोट ठेवलं ते रेषेवर.

सेठजींनी रुमाल उचलला, घडी केली आणि बाजूला ठेवला. ते काहीच बोलले नाहीत, ते ओरडण्याहून वाईट होतं. उस्तादांनी स्फटिक घेतला, डोळे मिटले, पुन्हा एकदा नख खालून वर नेलं आणि चादरीवर परत ठेवला.

व्यापाऱ्याने मात्र खिशातून स्वतःचं भिंग काढलं आणि बराच वेळ पाहिलं. मग मुलाला जवळ बोलावून भिंग त्याच्या हातात दिलं. दाखवली ती हिरव्या भागातली जागा, जिथे उस्तादांचं नख थांबलं होतं. तिथे एक तिरकी, किंचित उंचवटा असलेली रेघ होती. मुलाने ती पुसताना पाहिली होती आणि नुसता ऐब म्हणून सोडून दिली होती. दलालाने भाषांतर करून सांगितलं: स्फटिक जमिनीतच एकदा मोडला होता. डोंगर हलतो, पोकळीतले स्फटिक तुटतात. पण रस अजून शिल्लक असेल तर तुटल्या जागेवर तुरमली पुन्हा वाढते आणि मोडलेलं सांधून घेते. ती खूण उघडीच राहते. संग्रहांतल्या कितीतरी तुरमली जमिनीतून तुकड्यांतच निघालेल्या आणि माणसांनी जोडलेल्या असतात. ते सांगितलेलं असलं की तो माल विकतो, कमी भावाने, पण विकतो.

“काम उत्तम केलंय,” व्यापारी म्हणाला. “मी घेतो. एक तृतीयांश भावाने. आणि लिहून द्या.”

या वेळी रुमाल कुणी काढला नाही. भाव उघड्यावर बोलून ठरला.

कागद पुढे आला. मुलाला इंग्रजीत जोडला आहे हे कसं लिहायचं ते येत नव्हतं. त्याने उस्तादांकडे पाहिलं. “तुझ्या लिपीत लिही,” उस्ताद म्हणाले. “तुझ्या हाताने तुटलाय.” त्याने बोटभर रुंद चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले, खाली जयपूर आणि तारीख. व्यापाऱ्याने ती स्फटिकाबरोबर कापसात ठेवली आणि स्वतःच्या दुसऱ्या चिठ्ठीवर जर्मनमध्ये काहीतरी लिहिलं. नमुने गोळा करणाऱ्यांत हा नेम आहे: जुनी चिठ्ठी कितीही कळकट झाली तरी फेकायची नाही. नवा मालक आपली चिठ्ठी तिच्याशेजारी ठेवतो.

घरी जाताना उस्ताद एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सान सुरू करताना, पाठ त्याच्याकडे असताना म्हणाले, “तोडलास, त्याचा राग नाही. याहून मोठे माझ्या हातून गेलेत. पण तीन दिवस मी उठून उठून लोकांना दाखवत होतो. तेव्हा तू तिथेच बसला होतास.”

राहिलेला दोन तृतीयांश भाव सेठजींचं नुकसान होतं. उस्तादांनी तो भरून द्यायचं कबूल केलं आणि मुलाने दीड वर्ष मजुरीशिवाय काम केलं, फक्त जेवणावर. सेठजींकडून मोठी खरड येणं बंद झालं. ऋतू पालटले. कारखान्यात स्वस्त गार्नेटचे मणी घासले जात राहिले, आणि त्या मण्यांवर त्याचा हात बसला.

पुढच्या दिवाळीनंतर सेठजींचा माणूस एक पुडी घेऊन आला. कामासाठी नव्हती. सेठजी दुसरीकडून एक पाचूचा नमुना विकत घेणार होते, लाखभराच्या वर मोल, आणि विकणारा शपथेवर सांगत होता की अखंड आहे.

“सेठजी म्हणाले, उस्तादांच्या त्या पोराला दाखवून आण,” माणूस म्हणाला. “तो काय म्हणतो ते विचार.”

मुलाने पुडी खिडकीत नेली. उस्ताद सानेवरून उठले नाहीत, पण त्यांनी पायाने चाक थांबवलं.

आज तो नाशिकला असतो. अण्णा गेले, उस्तादही गेले. अण्णांचं काम तो करतो, आणि वर्षातून दोन महिने जयपूरला जाऊन तुरमली घासतो. गेल्या वर्षी सेठजींच्या नातवाने फोनवर एक छायाचित्र पाठवलं. युरोपातल्या कुणा संग्राहकाच्या मुलीने वडिलांचा संग्रह आवरायला काढला होता. एका खोक्यात हिरवा-गुलाबी स्फटिक आणि तीन चिठ्ठ्या. दोन तिला वाचता आल्या. एक जर्मन, एक फ्रेंच, दोन्हींवर एकच मजकूर: चिकटवलेला आहे. तिसरी, सर्वांत जुनी, तिला कळेना. तिने तारखेवरून आणि जुन्या पावतीवरून जयपूरची गादी शोधून विचारलं होतं, की ही कोणती भाषा आणि यात काय लिहिलंय. विकण्याआधी तिला खरेदीदाराला ते नीट सांगायचं होतं.

त्याने छायाचित्र मोठं करून पाहिलं. शाई तपकिरी झाली होती. ‘जोड’मधला ड त्याने जसा काढला होता, पोट मोठं आणि शेपूट आखूड, तसा अण्णा काढत. हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

समोर टेबलावर सकाळीच आलेली स्टिल्बाइटची पेंढी होती, मुळाशी सुटलेली. ती बाजूला सारून त्याने उत्तर टाइप केलं: ‘भाषा मराठी. लिहिलंय, जोड आहे. रंग बदलतो तिथे, माझ्या हातून तुटला होता. त्याच्या खाली, हिरव्या भागात, आणखी एक आहे. ती जमिनीने केलेली आहे. ती माझ्याकडून लिहायची राहिली, तीही खरेदीदाराला सांगा.’